जिनपुऱ्याच्या सपऱ्या

प्रेमदास ताकसांडे चिडका माणूस होता, हे आधीच सांगून टाकतो. त्यांची बदली झाली तेव्हा कचेरीत चहा-चिवड्याचा कार्यक्रम झाला आणि भाषणांत त्यांना कोणी शांत म्हटलं, कोणी सोशिक म्हटलं. मला हसू आवरेना. वर्ध्याच्या त्या घरबांधणीच्या सरकारी कचेरीत मी ट्रेसर होतो. ओव्हरसियर ताकसांडे नकाशे काढत आणि मी ते ट्रेसिंग कापडावर उतरवत असे. टेबलाला टेबल लागून. पेन्सिलीचं टोक मोडलं तरी ते पेन्सिलीला शिव्या घालत. मी त्यांना भाऊ म्हणायचो. भाऊंच्या चिडण्याची सुरुवात मात्र मी पाहिलेली आहे. ती जिनपुऱ्यात झाली.

भाऊ मूळचे पुलगावचे. वडील कापड गिरणीत होते, आणि कुटुंब भाड्याच्या एका पत्र्याच्या खोलीत राहायचं. वडिलांनी छप्पन साली नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि परत आल्यावर पहिलं काम केलं ते पोराला शाळेत घालण्याचं. त्या पत्र्याखालची दुपार भाऊ कधी विसरले नाहीत. आई पत्र्यावर ओलं पोतं टाकायची आणि ते बघता बघता वाळायचं. नागपूरला सिव्हिलचा डिप्लोमा घेताना भाऊंच्या डोक्यात एकच होतं : गरिबाचं घर थंड का असू नये?

जिनपुरा म्हणजे एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्यामागची वस्ती. स्टेशन आणि कापूस बाजार यांच्यामध्ये चिंचोळी जागा, तिच्यात झोपड्या इतक्या दाटीनं बसलेल्या की एकीचं छप्पर दुसरीच्या भिंतीवर टेकलेलं. पुरुष बाजारात हमाली करत नाहीतर रिक्षा ओढत, बाया चालू असलेल्या जिनांमध्ये सरकी वेचायला जात. पंचाहत्तर सालच्या एप्रिलमध्ये तिथं आग लागली. तुराट्यांच्या भिंती, वरून ऊन. आगीचा बंब येईपर्यंत बरीचशी वस्ती जळून गेली. माणसं वाचली, पण उभं फार थोडं राहिलं. मग मंत्र्यांची भेट झाली, घोषणा झाली, आणि जिनपुऱ्याला पक्की घरं बांधून देण्याचं काम आमच्या कचेरीकडे आलं.

पहिल्या पाहणीला मी भाऊंबरोबर होतो. राख अजून तशीच पडलेली होती. वस्तीचा पुढारी कवडू, चांगला धिप्पाड हमाल, समोर येऊन उभा राहिला.

"एक गोष्ट आयकून घ्या साहेब. घरं बांधा, नका बांधू. पन आमाले इथून हलवाचं नाई. दूर नालवाडीकडं नेऊन टाकान तर बाया जिनात कशा जातीन? आन् मले सकाळी बाजारात कोन उभं करन?"

"तुमाले हलवाचं नाई," भाऊ म्हणाले. "मी शबूद देतो."

शब्द देण्याचा अधिकार ओव्हरसियरला नसतो. मी त्यांना तसं परतताना म्हटलंही. त्यांनी सायकल जोरात हाणली.

पुढचे काही महिने त्यांनी त्या नकाशात घातले. जागा तेवढीच, माणसं तेवढीच, म्हणून त्यांनी घरं ओळीत जोडून घेतली. दोन घरांत मिळून एक भिंत, म्हणजे विटा वाचल्या. दोन ओळींची तोंडं एकमेकींकडे, मधे चौक, चौकात पंप आणि कडुनिंब. प्रत्येक घराला मागे दार, म्हणजे वारा एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं निघेल. पुढे सपरी, म्हणजे उतरत्या छपराचा ओटा, जिथं बाई बसून निवडते-टिपते, म्हातारा खाट टाकतो आणि भिंतीवर ऊन पडत नाही. विटा भाजायच्याच नाहीत. माती थोड्या सिमेंटात कालवून हातयंत्रात दाबायची आणि सावलीत वाळवायची. सेवाग्रामच्या बाजूला एका संस्थेत त्यांनी असं यंत्र पाहिलं होतं. वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळे आणि परमिट मिळता मिळत नसे, म्हणून हे सगळं व्यवहाराचंही होतं.

आमचे मोठे साहेब वाईट माणूस नव्हते. पण त्यांच्या टेबलावर मुंबईहून आलेला एक ठरावीक नकाशा होता. चौकोनी खोल्या, पाठीला पाठ लावलेल्या, डोक्यावर स्लॅब. तो कोकणातही चालत होता आणि विदर्भातही. साहेबांच्या खिडकीला वाळ्याचे तट्टे लावलेले, शिपाई त्यांवर पाणी मारत होता, आणि त्या गारव्यात बसून साहेब म्हणाले, "ताकसांडे, सरकार पक्कं घर देतंय. तुम्ही मातीचं काय काढलंत? उद्या विधानसभेत प्रश्न आला तर उत्तर तुम्ही देणार का?"

"साहेब, ते तट्टे काढा आणि मग हा नकाशा पाहा," भाऊ म्हणाले.

मी दाराशीच होतो. शिपायाचा हात थांबला. साहेब रागावले नाहीत, हेच नवल. ते म्हणाले, "एक नमुना घर बांधून दाखवा. लोकांना आवडलं तर पुढं पाहू."

फाइल नागपूरला गेली, परत आली, पुन्हा गेली. दरम्यान जिनपुरा ताडपत्रीखाली राहत होता. अखेर सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यात वस्तीच्या कडेला नमुना घर उभं राहिलं. डोमाजी नावाचा मिस्त्री होता. त्याला दाबलेल्या विटेचा भरवसा नव्हता आणि त्याचं-भाऊंचं रोज वाजत असे. पण घर देखणं झालं. हातभर जाड भिंती, गेरू दिलेला ओटा, आत शिरलं की अंगावर पाण्याचा हात फिरावा तसा गारवा. भाऊ लोकांना बोलवून बोलवून दाखवत होते.

वस्ती आली. आत गेली, बाहेर आली. शेवटी कवडू म्हणाला, "साहेब, तुमी कोठी राह्यता?"

"सरकारी क्वार्टरमधी."

"थे कायचं हाये? स्लॅपचं ना? आन् आमाले माती? आमच्या बापाची जिंदगी मातीत गेली, आजाची गेली. गावाबाहेर मातीची भित, हेच होतं ना आपलं घर? तुमी तं आमच्यातलेच. तुमालेबी आमी मातीतच पाह्यजे होय?"

त्याच्या मागं यशोदाबाई उभी होती, जिनात काम करणारी विधवा. ती एवढंच म्हणाली, "सारवता सारवता माह्या मायचे हात फाटून जात, बाबू."

भाऊंना विरोधाची सवय होती, पण तो साहेबांच्या बाजूनं येणारा. हा वार त्यांना अपेक्षित नव्हता. वाटेत ते स्वतःशीच बडबडत होते. "मी यायच्यासाठी करून राह्यलो आन् हे मलेच इचारते! मलेच!" मग एकदम थांबले. म्हणाले, "हरिदास, त्याचं खरं आहे. मी स्लॅबखाली झोपतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी क्वार्टर सोडण्याचा अर्ज दिला आणि नमुना घरात राहायची परवानगी मागितली. साहेबांनी कपाळाला हात लावून सही केली.

घरी काय झालं ते मला भागीरथावहिनींनीच सांगितलं. त्या हिंगणघाटकडच्या, शेतमजुरांच्या घरातल्या. क्वार्टरमध्ये नळ होता, गुळगुळीत फरशी होती.

"मले इचारलं का तुमी?" त्यांनी भाऊंना विचारलं होतं. "अर्ज दिला तवा मी कोठी होती? मातीतून निंघाले पाह्यजे म्हनून माह्या बापानं शिकलेला जवाई पाह्यला. आन् तुमी मले परत मातीतच नेऊन राह्यले."

"ते तशी माती नाई, भागीरथा. एक उन्हाळा पाह्य."

"उन्हाळा तुमी पाहा. पावसाळ्यात घर पडन तं पोरीले घेऊन मी मायकडं जाईन."

घर पडलं नाही. पण पहिल्याच पावसाळ्यात पश्चिमेची भिंत खालून ओल धरून फुगली आणि एक कोपरा ढासळला. चूक भाऊंचीच होती. दाटीत जागा वाचावी म्हणून त्यांनी त्या बाजूची छपराची पागोळी आखूड ठेवली होती आणि जोतं बुटकं. डोमाजी म्हणाला, "मी का म्हनलं होतं?" भाऊंनी स्वतः दगड वाहून जोतं बांधलं, छप्पर पुढं ओढलं, आणि नंतर त्या भिंतीला कधी काही झालं नाही. पण गावभर झालं ते एवढंच, की ताकसांडेचं मातीचं घर पडलं. कचेरीत कंत्राटदार येऊन हसत विचारायचे, "काऊन ताकसांडेजी, होडी घेऊन ठेवली का नाई?"

वस्तीनं अंगठे आणि सह्या करून मागणी दिली : आम्हाला स्लॅबची घरं पाहिजेत. साहेबांना तेच हवं होतं. भाऊ आठवडाभर त्या स्लॅबच्या नकाशावर वाकून बसले. मग एका दुपारी ते कवडूकडे गेले, मीही बरोबर होतो. म्हणाले, "ठीक हाये, स्लॅप घ्या. पन कसा घ्याचा थे माह्याकडून आयका. उंच मांगा. मागं दार मांगा. आन् सपरी सोडू नका."

कवडूनं विचारलं, "तुमाले राग नाई आला?"

"आला ना. भल्ला आला. पन राग माहा हाये, घर तुमचं हाये."

या वेळी वस्ती आणि भाऊ एका बाजूला झाले. यशोदाबाई दहा-पाच बाया घेऊन साहेबांच्या समोर जाऊन बसली आणि सपरी म्हणजे काय हे तिनं त्यांना समजावून सांगितलं. चूल आत पेटली तर धूर कुठं जाईल, बाळंतीण कुठं बसेल, पाहुणा आला तर सून कुठं जाईल. साहेबांनी मान डोलावली. नवा नकाशा मी स्वतः उतरवला. उंच स्लॅब, मागचं दार, सपरी. इतक्या आनंदात भाऊंना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मला स्टेशनसमोर नेऊन जिलबी खाऊ घातली.

नकाशा वरून परत आला तेव्हा त्याच्यावर लाल पेन्सिल फिरलेली होती. सपरी रद्द. स्लॅबची उंची नेहमीची. मागचं दार रद्द, कारण पाठीला पाठ लावली तर त्याच जागेत आणखी एक ओळ बसते. चौक तेवढा राहिला, तोही अर्धा. देखरेखीला नाव कोणाचं? प्रे. भि. ताकसांडे, ओव्हरसियर.

"नकार द्या," मी म्हटलं.

"मी नाही म्हटलं तर दुसरा येईल आणि वाळूत माती मिसळू देईल," ते म्हणाले. "निदान भिंत तरी सरळ उभी करू."

आणि त्यांनी ती उभी केली. सिमेंटासाठी काम महिनोन्महिने थांबायचं. कंत्राटदाराशी रोज भांडण. वस्तीला हलवायचं नाही हा एक शब्द मात्र त्यांनी पाळला. आधी अर्धी जागा, मग अर्धी, असं बांधून कोणालाच शहराबाहेर जाऊ दिलं नाही. एक्याऐंशीत घरं वाटली. कवडूनं नव्या दाराला तोरण बांधलं आणि भाऊंच्या गळ्यात हार घातला. भाऊंनी तो घरी येऊन खुंटीवर फेकला, असं वहिनी सांगत.

पुढच्या मे महिन्यात नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागला. विदर्भातले ते दिवस ज्यांनी काढले आहेत त्यांना सांगायला नको. दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. बुटका स्लॅब दिवसभर तापायचा आणि आत माणूस भाजून निघायचं. वाऱ्याला यायला वाट, पण जायला नाही. लोक संध्याकाळी खाटा चौकात आणायचे, पण दुपारचं काय करायचं? एका दुपारी कवडूची आई सीताबाई ऊन लागून बेशुद्ध पडली. कवडूनं तिला पाठुंगळी घेतलं आणि दवाखान्याच्या आधी तो भाऊंच्या दारात आला, कारण ते दार जवळ होतं. वहिनींनी म्हातारीला ओट्यावर निजवलं, ओल्या फडक्यानं पुसलं, शुद्धीवर आल्यावर कैरीचं पन्हं चमच्यानं पाजलं. ऊन कलल्यावर दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं.

दुसऱ्या दिवशी म्हातारी स्वतःच काठी टेकत आली. तिसऱ्या दिवशी दोघी-तिघी आल्या. मग जिनपुऱ्यातल्या म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या दुपारी नमुना घरात यायला लागल्या. वहिनी वैतागून जायच्या. "माहं घर हाये का धर्मशाळा?" असं त्या भाऊंना म्हणायच्या, आणि बाया आल्या की माठ भरून ठेवायच्या.

कवडूनं एकदा मनातलं बोलून टाकलं. "साहेब, आमचं चुकलं का?"

मला वाटलं भाऊ आता बोलतील, इतकी वर्षं साठलेलं बाहेर काढतील. ते म्हणाले, "नाई. तुमी इज्जत मांगली. इज्जत आन् गारवा दोन्ही एका घरात भेटाले पाह्यजे होतं. थे मले जमवता नाई आलं."

त्या पावसाळ्यानंतर लोकांनीच घरांपुढं सपऱ्या काढल्या. कोणाला विचारलं नाही. लाकडी बल्ल्या रोवल्या, कवेलू चढवले, ओटे मातीचे घातले. डोमाजीला काम मिळालं. भाऊ सुट्टीच्या दिवशी जाऊन पागोळी पुढं घ्यायला लावायचे आणि कोणी ऐकलं नाही तर चिडायचे. दोन वर्षांत सगळी गल्ली सावलीची झाली. त्या गल्लीतून चालताना मला प्रथमच तो पहिला नकाशा आठवला, अंगावर सावलीसारखा आला म्हणा ना.

मग चौऱ्याऐंशीत नवे साहेब आले आणि वरून हुकूम आला : जिनपुऱ्यातली मंजूर नकाशाबाहेरची अतिक्रमणं काढा. काम अर्थातच ताकसांडेंचं.

भाऊ उठून साहेबांकडे गेले. दार उघडंच होतं; सगळी कचेरी ऐकत होती.

"साहेब, ही अतिक्रमणं नाहीत. या सपऱ्या मी नकाशात काढलेल्या होत्या. तुमच्या लोकांनी खोडल्या."

"खोडल्या म्हणजे त्या नाहीत, ताकसांडे."

"उन्हाळ्यात येऊन सांगा तसं त्या लोकांना."

"हा हुकूम आहे."

"मग दुसऱ्याला द्या. मी माझ्या हातानं भिंती बांधल्या, ज्या बांधायला नको होत्या. आता जे व्हायला पाहिजे होतं ते तोडायला मी जाणार नाही."

दुसऱ्याला दिला. पथक गेलं, पहिल्या ओळीतल्या सपऱ्या पाडल्या. दुसऱ्या ओळीशी यशोदाबाई आणि बाकीच्या बाया ओट्यांवर जाऊन बसल्या आणि उठेनात. पोलिसांनी समजावलं, दटावलं. सीताबाई तर आडवीच झाली आणि म्हणाली, "मले संगं घेऊन तोडा." पथक परत गेलं ते पुन्हा आलं नाही. अर्ध्या सपऱ्या राहिल्या, अर्ध्या गेल्या. भाऊ त्या दिवशी तिथं जाऊ शकले नाहीत. त्यांना मुद्दाम कचेरीत बसवून ठेवलं होतं. त्यांनी टेबलावर इतक्या जोरात मूठ मारली की शाईची दौत माझ्या ट्रेसिंगवर सांडली. त्यांनी माफीही मागितली नाही.

महिन्याभरात बदली झाली, थेट सिरोंचाला. तो चहा-चिवडा तेव्हाचा. जिनपुऱ्यातली माणसं स्टेशनवर आली होती. कवडूनं पेट्या डब्यात चढवल्या. वहिनी खिडकीतून मला म्हणाल्या, "हरिदासभाऊ, आता तठीबी यायले कोनी मातीचं घर बांधू देऊ नका म्हनाव." आणि डोळे पुसले. रिकाम्या नमुना घरात कचेरीनं सिमेंटाच्या गोण्या भरल्या. निगा राहिली नाही; दोन पावसाळ्यांत छप्पर बसलं आणि लोक म्हणाले, पाहा, मातीचं शेवटी पडलंच.

सिरोंचात भाऊंना तोच मुंबईचा नकाशा मिळाला. जंगलातल्या गावात, पाठीला पाठ लावून. त्यांनी तिथंही वाद घातले आणि तिथंही फारसं काही झालं नाही, असं त्यांच्या पत्रांवरून कळे.

अठ्ठ्याऐंशीत ते परत आले आणि वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेत एक लहानसा प्लॉट घेतला. स्वतःचं घर, आता तरी आडवं येणारं कोणी नाही, असं मला वाटलं. मी पाहायला गेलो तर प्लॉटवर नवरा-बायकोचं भांडण जुंपलं होतं. वहिनींना स्लॅब पाहिजे होता.

"पोरीचं लग्न कराचं हाये," त्या म्हणत होत्या. "पाव्हने मातीचं घर पाह्यतीन तं का म्हनतीन? तुमाले जगाचं समजते, घरचं नाई."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी गवंड्याकडे पाहिलं.

"स्लॅब टाका म्हणते," ते म्हणाले. "इतकी वर्षं माझ्याबरोबर राहून स्लॅब टाका म्हणते." मग त्यांनी चुन्याच्या रेघेवर बुटाचं टोक घासलं. शेवटी म्हणाले, "बरं. पण उंच टाकीन. मागं दार काढीन. आन् पुढं सपरी हवी, तिच्यात मी कोणाचं आयकनार नाई."

"सपरी कोन नाई म्हनते?" वहिनी म्हणाल्या. "मोठी काढा चांगली. दुपारी मंडळी येतीनच."

गवंडी बाजूला उभा राहून ऐकत होता. त्यानं जोत्याची दोरी ताणली. दोरी जरा खालीच होती, आणि भाऊ त्याच्यावर ओरडले.